विटेची तहान

पिझ्झ्याच्या भट्टीच्या घुमटाचा तिसरा थर मी घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो अख्खा हातात आला. ओढला नव्हता, उपटला नव्हता. थर गोलात बसलाय का बघावं म्हणून एका विटेवर बोट ठेवलं, तर ती हलली. शेजारची हलली. मग एकेक करत अकरा अर्ध्या विटा उचलून खाली मांडल्या, बशीतली बिस्किटं उचलावीत तशा. सांध्यातला माल एकाही विटेला धरला नव्हता. चिमटीत घेतला तर रांगोळीसारखा गळाला.

एप्रिल होता आणि पारा 39 वर. काँक्रीटच्या भारतीय मानकात 40 अंशांच्या वर गेलं की 'उष्ण हवामानातलं काम' धरतात आणि त्याला वेगळे नियम लागतात. मी एक अंश अलीकडं होतो, एवढंच काय ते समाधान. नागपूर-चंद्रपूरची माणसं ह्या आकड्याला हसतील. हसू देत. परड्यात, पत्र्याच्या शेडला लागून, भर दुपारी एक वाजता भट्टी बांधत बसलेल्या माणसाला 39 पुरतात.

मिस्त्री असते तर हे झालं नसतं. पण चैत्र पौर्णिमा तोंडावर आलेली आणि त्यांच्या गावची सासनकाठी जोतिबाला निघालेली. "चार दिस काय हात लावू नगासा," असं बजावून ते गेले. मला कुठला दम. दोन थर त्यांनी घातलेले मी शेजारी उभं राहून बघितले होते. बघितलेलं आपल्याला येतं असं वाटायला लागतं, त्या वयातून मी अजून बाहेर पडलेलो नाही.

पिझ्झ्याची भट्टी घरात आली ती लेकीच्या हट्टानं, असं सांगायची माझी सोय आहे. खरं कारण मीच. पुण्याला नोकरीला असताना लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा खाल्ला होता. कडेला काळे ठिपके, मधे मऊ, दुमडला तरी न मोडणारा. घरी कितीदा करून बघितला, जमेना. घरातला ओव्हन फार तर 250 अंशांपर्यंत जातो. नेपल्सच्या पद्धतीत भट्टीचा तळ 400 च्या आसपास असतो, घुमटाखाली 480 च्या घरात, आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. 250 वर त्यालाच दहाएक मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात त्याचा टोस्ट होतो.

हे सगळं मी आण्णांना, माझ्या वडिलांना, समजावून सांगितलं. आण्णांची अख्खी नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फाउंड्रीत, क्युपोलाच्या, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीच्या, तोंडाशी गेलेली.

"किती म्हणालास?"

"साडेचारशे."

"साडेचारशेला लोखंड लाल पण दिसत न्हाई रे."

खरंच आहे ते. काळोखात लोखंडावर जेमतेम लाली दिसायला लागते तीच सव्वापाचशेच्या आसपास. बीड वितळायला साडेअकराशेच्या वर जावं लागतं आणि क्युपोलातून रस पडतो तो चौदाशेच्या आसपास. त्यांच्या लेखी माझी भट्टी म्हणजे चहाची शेगडी. ते उठले आणि पेपर घेऊन आत गेले. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी परड्याकडं बघितलंही नाही, म्हणजे आम्हाला दिसेल असं बघितलं नाही.

भट्टीच्या विटा कुठं मिळतील, हा प्रश्न मात्र कोल्हापुरात पडत नाही. उद्यमनगर झालं, शिरोली झाली, गोकुळ शिरगाव झालं. ज्या गावात इतक्या फाउंड्र्या आहेत तिथं फायर ब्रिक किराण्यासारखी मिळते. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "किती टनाची भट्टी?" मी म्हटलं, पिझ्झ्याची. त्यानं पेन खाली ठेवलं, मला पुन्हा एकदा नीट बघितलं आणि पोराला चहा सांगितला. 9 इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड, वजनाला चार किलोच्या आसपास, दीडशे घेतल्या. म्हणजे सहाशे किलो. टेम्पोवाल्यानं त्या गेटाबाहेर उतरवल्या आणि पुढचं काम आमचं आहे हे त्याच्या गाडीच्या धुरावरून कळलं.

आता थोडं मापाचं, कारण ह्यात मला खरोखर गंमत वाटली. आतला व्यास 36 इंच, घुमटाची उंची त्याच्या निम्मी, 18. आणि तोंडाची उंची सव्वाअकरा. हा सव्वाअकराचा आकडा कुणी मनानं काढलेला नाही. तोंड घुमटाच्या उंचीच्या साधारण 63 टक्के ठेवायचं, असा भट्टी बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तोंडातून खालच्या अंगानं गार हवा आत शिरते, जाळाला मिळते, तापते, घुमटाला घासून फिरते आणि त्याच तोंडाच्या वरच्या अंगानं धूर होऊन बाहेर पडते. एकच दार, त्यातून येणारे खालून आणि जाणारे वरून. तोंड उंच केलं तर सगळी ऊब पळून जाते, बुटकं केलं तर जाळ गुदमरतो. म्हणून धुरांडं घुमटाच्या डोक्यावर बसवत नाहीत, तोंडाच्या बाहेरच्या बाजूला बसवतात.

आपल्या गुऱ्हाळाचं चुलवाण ह्याच्या अगदी उलट. तिथं सगळी खटपट ऊब भिंतीत न मुरता वरच्या काहिलीला कशी लागेल ह्याची. वाळलेलं चिपाड सारखं ढकलत राहायचं, ते भकदिशी पेटतं आणि भकदिशी संपतं. ह्या भट्टीत भिंतीलाच ऊब पाजायची असते. दोन तास बाभळीचा जाळ घालायचा, विटा पोटभर तापवायच्या, मग त्या परत देत राहतात.

तळाच्या विटा सांध्यात माल न घालता, बारीक वाळूवर नुसत्या दाटून, तिरक्या बसवल्या, म्हणजे पिझ्झा सरकवायचं फावडं विटेच्या कडेला अडखळत नाही. त्याखाली व्हर्मिक्युलाइट (ऊब अडवणारं हलकं खनिज) आणि सिमेंट, पाचास एक, चार इंच. नाहीतर सगळी ऊब कट्ट्यात उतरते. घुमटाला साचा ओल्या वाळूचा. लेकीनं आणि तिच्या मैत्रिणींनी तो असा काही गुळगुळीत थापला की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून वाकून विचारलं, "पिंड बसवताय काय ओ?"

ह्या वाळूच्या पिंडीवर विटा लावायच्या, आणि इथंच तो तिसरा थर.

जोतिबाहून मिस्त्री आले ते कपाळभर गुलाल घेऊनच. खाली मांडलेल्या अकरा विटा बघितल्या, एक हातात घेतली, तळहातावर उलटी केली आणि म्हणाले, "पाणी पाजलं न्हाईसा व्हय?"

पाजलं होतं की. पाइपनं वरून शिंपडलं होतं.

ते हसले नाहीत. बादली भरली आणि एक कोरडी वीट हळूच आत सोडली. सुरुवातीला फसफस. मग विटेच्या चारी अंगांनी बुडबुड्यांच्या बारीक माळा वर यायला लागल्या, सोड्याची बाटली उघडल्यासारख्या. ते बिडी ओढत बसले. मी उभा. दोन मिनिटं झाली, पाच झाली, माळा चालूच. हळूहळू एकेक माळ तुटत गेली. शेवटी एका कोपऱ्यातून एकच बुडबुडा थांबून थांबून यायला लागला, मग तोही बंद झाला. "आता प्याली," असं म्हणून त्यांनी वीट काढली, कट्ट्यावर उभी ठेवली आणि वरची चमक जाईपर्यंत थांबले. आत भरलेली, वरून कोरडी. अशा विटेला माल लावला की ती मालातलं पाणी ओढत नाही. मी लावलेल्या विटांनी भर उन्हात सगळं पाणी ओढून घेतलं होतं आणि माल उपाशी मेला होता.

सिमेंट वाळून घट्ट होतं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते पाण्याशी होणाऱ्या क्रियेनं घट्ट होतं, पाणी गेलं की ती क्रिया जिथल्या तिथं थांबते. आमच्या मालात तीन भाग वाळू, एक भाग चुना, एक फायर क्ले, म्हणजे जाळ सोसणारी माती, आणि एक सिमेंट होतं. खरं तर जाळाशी सिमेंटचं जमत नाही, तीनशेच्या पुढं त्याचा जोर उतरायला लागतो. तोवर चुना आणि माती आपापली जागा धरतात, अशी त्या मिश्रणामागची समजूत. पण ते धरेपर्यंत सिमेंटला जगवायचं, म्हणजे पाणी.

मग आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायला लागला. रात्रीच विटा हौदात. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं घ्यायचं नाही, कारण दुपारी त्या टाकीतल्या पाण्यात बटाटे उकडतील, आणि गरम पाण्यात कालवलेला माल पाटीतच धरायला लागतो. आदल्या रात्री रांजणात भरून ठेवलेलं घ्यायचं. माल कालवायचा तो दोन पाट्यांपुरताच. नऊ वाजले की काम बंद, घुमटावर बारदानाची ओली पोती, त्यावर ताडपत्री. पोती दर तासाला ओली करायचं काम लेकीकडं. तिनं वहीत तक्ता आखला आणि पहिले दोन दिवस तो पाळला. तिसऱ्या दिवशीपासून तक्ता माझ्या आईकडं आला, घरातले सगळे तक्ते शेवटी जातात तसा.

आई ह्या सगळ्यावर नाराज होती, आणि तिचं कारण रास्त होतं. एप्रिल-मे हा आमच्याकडं चटणीचा सीझन. गच्चीवर ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी पसरलेली, त्यांना उलथंपालथं करायचं, लसूण सोलायचा, कांदा वाळवायचा. आणि त्यात ह्या घुमटाला दर तासाला आंघोळ. "मी एकटा काय काय बघू?" असं ती दिवसातून चारदा म्हणायची. कोल्हापूरच्या बायका 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. पण आईचा तो 'एकटा' ज्यानं ऐकलाय त्याला त्यात गंमत दिसायची नाही.

वरची शेवटची वीट, मिस्त्री तिला 'चावी' म्हणतात, चारही बाजूंनी घासून पाचरीच्या आकाराची केली आणि लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून बसवली. पुढचे सात दिवस नुसतं पाणी. मग तोंडातून हात घालून वाळू काढली. हे काम लेकीचं, कारण त्या तोंडातून खांद्यासकट आत शिरेल अशी एकटी तीच. वाळू संपत आली तसं आतून तिचा आवाज घुमायला लागला. घुमट उभा राहिला, आणि मी वखारीतून आणून ठेवलेल्या लाकडांकडं बघितलं.

तेव्हा आण्णा पहिल्यांदा परड्यात आले.

"काय करतोयस?"

"पेटवतो."

"आत पाणी किती हाय, ठाऊक हाय?"

मला हसूच आलं. तीन आठवडे ह्या माणसानं बघितलं नाही, आणि आता पाण्याची चौकशी. पण ते कट्ट्यावर बसले आणि लॅडलची गोष्ट सांगायला लागले. लॅडल म्हणजे वितळलेला रस ज्यात घेतात ते भांडं. आतून फायर क्लेचं अस्तर. अस्तर नवीन केलं की ते जाळ लावून वाळवल्याशिवाय त्यात रस घेत नाहीत. कारण ओलसर अस्तरावर रस पडला तर आतल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त. ती वाट बघत नाही, रसासकट वर येते. "एकदा बघितलंय मी," एवढंच म्हणाले. काय बघितलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांच्या डाव्या मनगटावरचे डाग मी लहानपणापासून बघत आलोय. ते देवीचे असावेत असं मला वाटायचं.

म्हणजे आता उलटं. इतके दिवस जे पाणी राखण्यासाठी जीव काढला, तेच आता काढायचं. तेही हळू.

काम आण्णांनी ताब्यात घेतलं. मी उद्यमनगरातून आणलेला लेझर थर्मामीटर त्यांनी एकदा खिशात घातला आणि विसरून गेले. पहिल्या दिवशी नुसत्या काटक्या आणि नारळाच्या करवंट्या, तासभर पेटवून विझवलेल्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच, पण तीन तास. घुमटाच्या बाहेरच्या अंगाला तळहात लावून ते उभे राहायचे, डॉक्टर पोरांच्या पोटाला लावतात तसा. मग आईला हाक मारून स्टीलची ताटली मागितली. गार ताटली तोंडाच्या वरच्या कडेशी, जिथून धूर निघतो तिथं, मोजून दहा आकडे धरली आणि मला दाखवली. ताटलीवर काजळीची बारीक पूड आणि तिच्यात पाण्याचे टपोरे थेंब, उन्हाळ्यात गार तांब्याला येतात तसे. एवढी कडक हवा, एवढी कोरडी दुपार, आणि ह्या विटा अजून घाम गाळत होत्या.

"थेंब यायचं थांबलं की लाकूड घालू," आण्णा म्हणाले.

ताटली आईच्या लग्नातली. पाठीवर तिच्या मामाचं नाव कोरलेलं. काजळी त्या अक्षरांत जाऊन बसली आणि नाव पूर्वी कधी नव्हतं एवढं ठळक वाचता यायला लागलं. आईला ह्यात काही आवडण्यासारखं दिसलं नाही.

चौथ्या दिवशी थेंब कमी झाले. पाचव्या दिवशी संध्याकाळी जोतिबाच्या डोंगराच्या बाजूनं काळं आलं, धुळीचा लोट उठला आणि वळीव कोसळला. ताडपत्री मी सकाळीच काढून ठेवली होती, आता कशाला लागते म्हणून. शेजारच्या पत्र्यावर गारांचा ताशा वाजत होता, आई गच्चीवरून मिरच्यांची चादर चार कोपरे धरून ओढत होती, लेक तिच्या मदतीला धावली, आणि मी परड्यात ताडपत्रीचं एक टोक धरून उभा. दुसरं टोक वाऱ्याबरोबर शेजारच्या लिंबावर. ज्या पाण्यासाठी पंधरा दिवसांपूर्वी मी पहाटे उठत होतो ते आता फुकटात आणि पिंपानं. घुमट पीत होता. दिसत होतं पिताना; विटांचा फिकट रंग वरून खाली गडद होत गेला.

आण्णा दारात उभे होते. रागावतील असं वाटलं. "पहिल्यापास्नं," ते म्हणाले आणि आत गेले.

पहिल्यापास्नं म्हणजे काटक्या आणि करवंट्या. मधल्या काळात एक भेग आली, तोंडापासून चावीपर्यंत, केसाएवढी. ती माझी आहे. एका दुपारी आण्णा बँकेत गेले असताना मी बाभळीची दोन मोठी लाकडं घातली आणि अर्ध्या तासात बाहेरच्या अंगानं वाफेचा एक बारीक फवारा निघालेला बघितला. विझवायला पाणी मारायचं नाही एवढं तोवर कळलं होतं, म्हणून लाकडं ओढून काढली. आण्णांनी आल्यावर भेग बघितली, नख घालून बघितली. "चालती. सगळ्या भट्ट्यांना असती." मला ते तेव्हा समजुतीचं वाटलं. नंतर कळलं की खरंच सगळ्यांना असते. वीट तापली की फुगते, निवली की आखडते, आणि तिला कुठून तरी श्वास घ्यावा लागतो.

त्यावर ऊब अडवणाऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर (हे हाताळताना तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावाच, त्याचे तंतू छातीत जायला नकोत), जाळी, आणि वरून गिलावा.

पहिला पूर्ण जाळ मेच्या तिसऱ्या आठवड्यात. बाभळीची लाकडं, चांगली वाळलेली. सुरुवातीला घुमट आतून काजळीनं काळाकुट्ट झाला. दीड तासानं डोक्यावर, चावीपाशी, एक फिकट ठिपका दिसायला लागला. काजळीच जळत होती. ठिपका ताटलीएवढा झाला, परातीएवढा झाला, आणि बघता बघता सगळा घुमट स्वच्छ, विटेच्या मूळ रंगाचा. हे कुणी सांगितलेलं असलं तरी बघताना मागं सरकायला होतं. थर्मामीटर 460 दाखवत होता. आण्णांनी तो माझ्या हातातून घेऊन बघितला आणि मान हलवली, चहाच्या शेगडीला जेवढा मान द्यायचा तेवढी.

पिझ्झ्याचं थोडक्यात सांगतो. त्या उकाड्यात पीठ दोन तासांत परातीबाहेर आलं होतं. यीस्ट निम्मं घालायला हवं होतं आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवायला हवं होतं. पहिला पिझ्झा वरून सुरेख आणि खालून कोळसा. नेपल्सच्या भट्ट्यांत तळाला सोरेन्तोकडच्या मातीच्या मऊ, सच्छिद्र फरश्या असतात, त्या ऊब सावकाश सोडतात. माझी फाउंड्रीची वीट दणकट, ती ऊब एकदम हातावर ठेवते. जाळ बाजूला सारून तळ 380 पर्यंत उतरू दिला, तेव्हा तिसरा जमला. लेकीनं तो दुमडून बघितला. मोडला नाही. मिस्त्रींनाही बोलावलं होतं. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा बांधून घेतला, आणि ह्यात भाकरी कशी होईल ते विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी राख काढायला गेलो, तर आई तिथं आधीच उभी. तोंडाला लावलेला पत्रा बाजूला केलेला. आतला तळ अजून 170 वर होता, जाळ विझून दहा तास झाल्यावर.

"मी जरा खोबरं ठेवून बघतो," आई म्हणाली.

चटणीचं खोबरं, मग तीळ, धणे, मग लसूण. वळवात भिजून पुन्हा वाळवलेला कांदा सगळ्यात शेवटी, परातीत पसरून, दुपारपर्यंत. कढईपाशी उभं राहून उन्हाळ्यात हे भाजायला तिला दोन दिवस लागतात, शिवाय ठसका. भट्टीनं ते सगळं एका सकाळी केलं, सारख्या रंगावर, कुठं करपलं नाही. खोबऱ्याचा वास भिंतीपलीकडं गेला आणि काकू परत वाकल्या. ह्या वेळी त्यांच्या हातात त्यांच्या खोबऱ्याचा डबा होता. आईनं त्यांना उद्या सकाळचा नंबर दिला. म्हणजे आज रात्री मी पेटवायची.

मिरगाच्या आधी भट्टीवर पत्र्याचं छप्पर घातलं, पण आमच्याकडचा पाऊस आडवा येतो, आणि चार महिन्यांत गिलावा कितीही केला तरी थोडं पिणारच. पहिल्या मोठ्या सरीच्या संध्याकाळी आई घासणी आणि चिंच घेऊन ती ताटली घासायला बसली होती. आण्णांनी ती तिच्या पुढ्यातून उचलली.

"ऱ्हाऊ दे. दसऱ्याला लागंल."